मंडळीचे संजीवन : केडगावचा धडा

महोत्सव आला म्हणजे संस्था आपला मागचा हिशेब मांडते. किती वर्षे झाली, किती विद्यार्थ्यांस साहाय्य दिले, इमारत कशी उभी राहिली, हे सर्व स्मरणिकेत येते, आणि ते यावेच. परंतु ज्या मंडळीत आपण उपासनेस बसतो, तिच्या आत्मिक स्थितीचाही हिशेब याच वेळी घ्यावा, असे आम्हांस वाटते. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात सार्दीस येथील मंडळीस पाठविलेला निरोप आहे. तिच्यावर पाखंडाचा आरोप नाही, तिचा छळ झाल्याचा उल्लेख नाही. बाहेरून पाहणाऱ्यास ती जिवंत दिसत होती. आतून मात्र ती मेली होती. हा निरोप अडचणीत सापडलेल्या मंडळीपेक्षा स्थिरस्थावर झालेल्या मंडळीस अधिक लागू पडतो.

संजीवन याचा अर्थ जे निस्तेज झाले त्यात पुन्हा जीव येणे. म्हणून संजीवन आणि सुवार्ताप्रसार या दोन गोष्टी निराळ्या आहेत. प्रसार बाहेरच्यांसाठी असतो. संजीवनाचा आरंभ आतल्यांपासून होतो. पंच्याऐंशीव्या स्तोत्राचा कर्ता परक्या राष्ट्रांसाठी नव्हे, तर देवाच्या स्वतःच्या लोकांसाठी नवजीवन मागतो. इफिसच्या मंडळीस पहिली प्रीती सोडल्याचा दोष दिला आहे. ज्याने कधी प्रीती केलीच नाही त्यास असा दोष देता येत नाही.

या विषयाचा अभ्यास करण्यास मराठी माणसाने दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे घडले, त्याचा क्रम आपण पाहू.

पूर्वतयारी

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या, आणि केडगावच्या माळावर एक गावच वसले. अन्न, वस्त्र, शाळा, शेती, विणकाम, छापखाना असा हा मोठा प्रपंच होता. एवढे पुण्यकार्य हातात असताना ‘आणखी काय हवे?’ असे कोणीही म्हटले असते. बाईंनी तसे म्हटले नाही. पोटे भरली तरी अंतःकरणे रिकामी राहू शकतात, हे त्या जाणून होत्या.

ऑस्ट्रेलियातील जागृतीची वार्ता ऐकून त्यांनी कन्या मनोरमाबाई व सहकारी मिनी एब्रम्स यांस १९०३ साली तिकडे पाठविले. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स या तरुणाच्या सभांतून मोठी जागृती झाली. वेल्सच्या मिशनऱ्यांचे काम खासी टेकड्यांत १८४१ पासून होते. तेथील मंडळ्यांतही १९०५ च्या मार्च महिन्यात तीच लाट आली. केडगावी मात्र त्याआधीच, जानेवारीत, बाईंनी रोज प्रार्थनेस कोण येईल असे विचारले होते. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोन वेळा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली.

येथे पहिला धडा आहे. पाच महिने केवळ मागण्यात गेले. मोठा वक्ता आणला नाही, मांडव घातला नाही. ज्या बायका दळणकांडण करीत त्याच गुडघे टेकीत होत्या.

घडले ते काय?

जूनच्या अखेरीस एका पहाटे वसतिगृहातील एका मुलीस पवित्र आत्म्याचा प्रबळ अनुभव आला. तिच्याभोवती आग दिसली म्हणून देखरेख करणाऱ्या बाई पाण्याची बादली आणावयास धावल्या, अशी त्यांची साक्ष नमूद आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असता सर्व जणी एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंस आपले बोलणे थांबवावे लागले. मुली रडल्या, पापे कबूल करू लागल्या. मग रडण्याचे गाण्यात रूपांतर झाले.

हा गलबला अनेकांस रुचला नाही. शांत, शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्या मिशनऱ्यांनी शंका काढल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्या लोकांनी आपला शोक व आनंद आपल्या रीतीने व्यक्त करावा. परक्यांचा साचा त्यांवर लादू नये. पुढे अन्य भाषा बोलण्याचा अनुभव काहींस आला. बाईंनी त्याची निंदा केली नाही, आणि तेच आत्म्याचे एकमेव चिन्ह असेही मानले नाही. करिंथच्या मंडळीस पौलाने हाच समतोल शिकविला: दाने अनेक आहेत, पण प्रीतीवाचून ती पोकळ, आणि सभेत जे काही होईल ते इतरांची उन्नती करणारे असावे.

भक्तीचे रूप आपल्या मातीतले असावे, हा विचार नारायण वामन टिळकांनीही जन्मभर केला. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी मंडळीत आणले आणि १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. रमाबाई व टिळक यांची प्रकृती वेगळी. तरी उसन्या आवाजात मंडळीस जीव येत नाही, याविषयी दोघांची साक्ष एकच.

कसोटी

वेल्सची लाट दोनएक वर्षांत ओसरली. इव्हान रॉबर्ट्स थकून १९०६ साली सार्वजनिक कार्यातून निवृत्त झाला. केवळ सभांवर उभी राहिलेली जागृती सभा संपल्या की विरते. केडगावी सभेनंतर शाळेची घंटा होती, विहिरीचे पाणी होते, आजाऱ्यांची शुश्रूषा होती. अंतःकरणात जे पेटले त्यास लगेच काम मिळाले. मुलींच्या टोळ्या खेडोपाडी प्रार्थना व साक्ष यांसाठी निघाल्या. एब्रम्सबाईंनी १९०६ साली लिहिलेले छोटे पुस्तक चिली देशात पोचले आणि १९०९ साली तेथील मंडळीत नवी जागृती होण्यास एक निमित्त ठरले. स्वतः रमाबाई हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याच्या कामास लागल्या. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. तरी आईने काम सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते पूर्ण केले. मुक्ती मिशन आजही केडगावी उभे आहे.

यावरून आम्हांस जो सिद्धान्त निघतो तो असा: संजीवनाची परीक्षा सभेच्या रात्री होत नाही, दुसऱ्या दिवशीच्या सकाळी होते. जक्कयाच्या घरी प्रभू आला तेव्हा त्याने गाणे म्हटल्याचे शास्त्र सांगत नाही. लुबाडलेले चौपट परत करण्याची त्याने तयारी दाखविली.

आपल्या मंडळीत

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा आहे. मराठी उपासनेस आजीआजोबा येतात, नातवंडे येत नाहीत. आपण म्हणतो, मुलांस भाषा राहिली नाही. ते खरे आहे. पण तेवढेच खरे आहे काय? पंचांच्या निवडणुकीवरून अबोला धरलेले दोन भाऊ एकाच प्रभुभोजनास येतात, हे मुलांस दिसते. एखाद्या विधवेचा अर्ज महिनोन्‌महिने फायलीत पडून राहतो, हेही दिसते. हे कळण्यास मराठी यावी लागत नाही. उलट, ज्या घरात समेट झाला, ज्याने बुडविलेले पैसे फेडले, त्या घराची भाषा मुले आवडीने शिकतील असा आमचा विश्वास आहे.

संजीवन देणे देवाच्या हाती आहे. ठराव करून ते आणता येत नाही. दार उघडून वाट पाहणे मात्र आपल्या हाती आहे. त्यासाठी सत्तर जणांचीही गरज नाही. एका घरातील तिघे रोज ठरल्या वेळी बसले तरी आरंभ होतो.

कुटुंबात विचार करण्यासाठी तीन प्रश्न देऊन हा पाठ पुरा करतो.

१. सार्दीस व इफिस या मंडळ्यांच्या दोषांत कोणता फरक आहे? आपल्या मंडळीस त्यांपैकी कोणता अधिक जवळचा वाटतो?

२. ज्याच्याशी समेट करावयाचा राहिला आहे, असे कोणी आहे काय? पुढील प्रभुभोजनापूर्वी आपण कोणते पाऊल टाकू?

३. आपल्या घरची प्रार्थना कोणत्या भाषेत, कोणत्या चालीवर मनापासून निघते? ती मंडळीत आणण्यास कशाचा संकोच वाटतो?