मित्रासोबत धंदा? आधी ‘बनवाबनवी’ बघा!

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मी कधीही, कितव्यांदाही बघू शकतो. लीलाबाईंचं घर भाड्याने मिळावं म्हणून साडी नेसतात फक्त परश्या आणि सुधीर. पण पकडले गेले तर रस्त्यावर येणार चौघंही. मैत्रीतल्या भागीदारीचं अगदी तसंच आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार एकाने फर्मच्या कामासाठी केलेली उधारी बाकीच्यांनाही फेडावी लागते, वेळ पडली तर स्वतःच्या खिशातून. वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समान, आणि दिवसभर दुकानात राबणाऱ्याला पगाराचा हक्कसुद्धा नाही! ‘आपल्यात कसला आलाय कागद?’ म्हणणारा मित्र वाईट नसतो हो. त्यालाच शेजारी बसवून करारनामा करा: पैसे कुणाचे किती, पगार कुणाला, आणि एखादा बाहेर पडला तर हिशोब कसा करायचा.