त्रेपन्न आणि पस्तीस: लहान मुलांच्या अंकज्ञानाविषयीं

उपासनेच्या वेळीं गीताचा क्रमांक त्रेपन्न म्हणून सांगितला असतां दुसरी-तिसरींतील एखादें मूल पुस्तकाचीं पानें भराभर उलटून पस्तिसावें गीत काढून बसतें, हें आपल्या मंडळ्यांत पुष्कळांनीं पाहिलें असेल. शाळेंतहि हेंच घडतें. तेथें दोन-चार वेळां असें झालें कीं कोणाच्या तरी तोंडून "ढ" हा शब्द निघतो. ज्या घरांत आईबापांस अक्षरओळख नाहीं त्या घरीं हा शब्द खरा मानला जातो, आणि मुलाला शाळेंतून काढून गुरांमागें धाडण्यास तेवढें निमित्त पुरतें. म्हणून गांवोगांवच्या शिक्षकांनीं, तसेंच शब्बाथशाळा चालविणाऱ्या उपदेशकांनीं, ह्या चुकीचें मूळ नीट समजून घ्यावें अशी विनंती आहे.

चूक बुद्धीची नव्हे, कानाची आहे. त्रेपन्न ह्या शब्दांत तीन आधीं ऐकूं येतात व पन्नास मागाहून. मूल ऐकतें तसें लिहितें: प्रथम ३, मग ५. आपल्या भाषेंत एकवीसपासून पुढें बहुतेक संख्यांचीं नांवें अशीं एककापासूनच सुरू होतात. शिवाय दशकाचें रूपहि स्थिर राहत नाहीं. पन्नासाचें बावन्नांत "वन्न" होतें, चोपन्नांत "पन्न". सत्तराचें "हत्तर" होतें. एकोणतीस, एकोणचाळीस ह्यांत तर पुढच्या दशकाचें नांव घेऊन त्यांतून एक वजा करावयाचा. आणि ही रीत एकोणनव्वदपर्यंत शिकून मूल शंभराच्या अलीकडे पोहोंचलें, कीं तेथें एकाएकीं नव्याण्णव! जर्मन भाषेंतहि एकक आधीं बोलतात, तेव्हां हा मराठीचाच दोष समजूं नये. कानडींत मात्र पन्नास आधीं व तीन मागून येतात. म्हणून ज्या मुलाची घरची भाषा कानडी आहे त्याजकडे सीमेवरच्या शाळांतील शिक्षकांनीं अधिक लक्ष द्यावें.

२०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत "वीस एक", "पन्नास तीन" अशी वाचनाची रीत घातली. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्षा होत्या. त्यावरून वर्तमानपत्रांत व विधानसभेंतहि मोठा वाद झाला. माझ्या मतें मुलाला दोन्ही नांवें यावीं. बाजारांत आणि घरीं त्रेपन्नच बोलतात, व तें आलेंच पाहिजे. परंतु त्रेपन्न म्हणजे किती हें समजण्यास "पन्नास तीन" ही चांगली पायरी आहे. गीताचा क्रमांक सांगणारानेंहि तो दोन्ही रीतींनीं सांगावा. त्यास कितीसा वेळ लागतो? मात्र नुसत्या नांवांच्या वादानें मुलाच्या हाताला कांहीं लागत नाहीं.

हाताला लागावें म्हणून खराट्याच्या काड्या पुरेत. बोटभर लांबीचे तुकडे करून दोन-दोन मुलांमागें शंभर द्यावे. दहा काड्या मोजून त्यांची जुडी मुलानेंच बांधावी. शिक्षकानें घरून बांधून आणूं नये. आयती जुडी मुलाला एकच वस्तु वाटते, आणि तींत दहा आहेत हें त्याला पटत नाहीं. स्वतः बांधली म्हणजे संशय राहत नाहीं. एक-दोन दिवस नुसते मोजण्या-बांधण्यांत गेले तरी जाऊं द्यावे.

मग शिक्षकानें म्हणावें, "त्रेपन्न." मूल बहुधा आधीं तीन सुट्या काड्या उचलील. उचलूं द्यावें; कानानें जें आधीं ऐकलें तें हातानें आधीं घेतलें, ह्यांत वावगें कांहीं नाहीं. जमिनीवर खडूनें रेघ ओढून एवढाच नियम घालावा कीं जुड्या रेघेच्या डावीकडे व सुट्या काड्या उजवीकडे. मांडून झाल्यावर डावीकडून वाचावयास सांगावें: पन्नास तीन. आणि मग पाटीवर ५ व ३. लगेच पस्तीस मांडावयास सांगावें, व दोन्ही मांडण्या शेजारीं शेजारीं राहूं द्याव्या. एकीकडे पांच जुड्या, दुसरीकडे तीन. मोठी संख्या कोणती हें मग वर्गांतील सर्वांत लाजरें मूलहि सांगतें. फळा ह्यानंतर यावा. फळ्यापासून आरंभ करणें ही शिक्षकाची सोय आहे, मुलाची नव्हे.

"पन्नास तीन" ऐकून कांहीं मुलें ५०३ लिहितात. त्यांच्यासाठीं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचीं कार्डें करावीं. ५० चें कार्ड रुंद, ३ चें त्याच्या निम्मे. लहान कार्ड मोठ्यावरील शून्यावर ठेविलें कीं ५३ दिसतात. उचललें कीं शून्य पुनः उघडें पडतें.

एकोणतिसासाठीं तीन जुड्या मांडून "एक काढ" म्हणावें. जुडी सोडल्यावांचून एक निघत नाहीं. सोडल्यावर दोन जुड्या व नऊ काड्या उरतात, आणि एकोण म्हणजे एकानें उणें हें तेथेंच सांगून टाकावें. पुढें ४२ मधून १७ वजा करतांना हीच जुडी सुटते. ज्यानें ती हातानें सोडली आहे त्याला दशक मोकळा करणें म्हणजे काय हें पाठ करावें लागत नाहीं.

आठवड्याच्या बाजारांत आईच्या पाटीशेजारीं बसून सुट्या पैशांचा हिशेब चोख करणारें मूल शाळेंत वजाबाकी चुकतें, हेंहि लक्षांत घ्यावें. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली, ती २०२५ सालीं "नेचर" ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तींत हेंच आढळलें: व्यवहारांतील हिशेब जमतो, तोच पुस्तकी मांडणींत जमत नाहीं. म्हणून वर्गांत कागदाच्या दहाच्या नोटा व रुपये करून दुकान मांडावें, आणि प्रत्येक विक्रीनंतर तोच हिशेब पाटीवर मांडून घ्यावा. हा दुसरा भाग गाळला तर तो नुसता खेळ होतो.

ह्या कामीं विकत साहित्य लागत नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें, व पुढें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं जें काम केलें, त्यांत पानें, बिया, शंखशिंपले असें भोंवतालचेंच साहित्य असे. काड्या न मिळाल्यास चिंचोके घ्यावे, व दहा-दहा चिंचोके चिंधींत बांधावे. फार लहान मुलांच्या हातीं ते देऊं नयेत, कारण तीं ते नाकांत घालतात. मोठीं मुलें घरीं नेऊन भाजून खातात, तेव्हां तास संपतांना प्रत्येक जोडीकडून शंभर मोजून परत घ्यावे. कमी भरले तर किती कमी, हें त्याच जोडीनें सांगावें.