आधी वाचकाला, मग पात्राला

कथेत वाचक गुंततो तो मुख्यतः माहितीच्या वाटपामुळे. कोणती गोष्ट वाचकाला ठाऊक आहे आणि पात्राला नाही, कोणती पात्राला ठाऊक असून वाचकापासून राखून ठेवली आहे, यावर पुढचे पान उलटले जाणार की नाही हे ठरते. विशेषणे, उद्गारचिन्हे आणि निसर्गवर्णने यांचा वाटा त्या मानाने थोडा. गोंदिया जिल्ह्यातील नवोदितांची हस्तलिखिते वाचताना प्रस्तुत लेखकाला जी अडचण पुन्हा पुन्हा दिसली ती याच जागची आहे. भाषा बरी असते, प्रसंग खरा असतो. पण सगळ्यांना सगळे एकाच वेळी कळते आणि वाट पाहण्यासारखे काही उरत नाही.

या कलेचा मोठा जाणकार याच जिल्ह्याचा मानला जातो. आठव्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूती आपले घराणे विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगतो, आणि हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे गाव असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. भवभूतीची तीन नाटके उपलब्ध आहेत: ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’. प्रस्तावनांवरून ती कालप्रियनाथाच्या यात्रेत झालेली दिसतात. म्हणजे समोर केवळ राजसभेतले निवडक रसिक नव्हते, यात्रेकरूही होते. दिवाळीनंतर मंडईच्या रात्री नाटक किंवा दंडार उभी करणाऱ्यांना हा प्रेक्षक चांगला ठाऊक असतो. तो वाद घालत नाही; कंटाळला की उठून भज्यांच्या दुकानाकडे निघतो.

‘मालतीमाधव’ दहा अंकांचे आहे. त्यातल्या गद्यात लांबच लांब समास आहेत, आणि ते अभ्यासकांनाही दमवतात. याच नाटकाच्या प्रस्तावनेत कवीने नाव ठेवणाऱ्यांना उत्तर दिले आहे: हा खटाटोप त्यांच्यासाठी नाही, काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी विस्तीर्ण, तेव्हा समानधर्मा कधीतरी जन्मेल. या दिलाशाचा नंतरच्या लेखकांनी पुष्कळ दुरुपयोग केला आहे. कथा परत आली की समानधर्म्याची वाट पाहणे सोपे असते, पुनर्लेखन अवघड. भवभूतीने मात्र पुढे ‘उत्तररामचरित’ लिहिले. ते सामान्यतः त्याचे शेवटचे नाटक मानतात, आणि शिकण्यासारखे बहुतेक सगळे त्यात आहे.

पहिल्या अंकात सीता गर्भवती आहे. वडीलधारी माणसे यज्ञासाठी दूर गेली आहेत. वसिष्ठांचा निरोप येतो की प्रजेला संतुष्ट ठेव. त्यावर राम सहज बोलून जातो की त्यासाठी जानकीचाही त्याग करावा लागला तरी खंत वाटणार नाही. रामायण प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून हे वाक्य त्याला बोचते. रंगमंचावर मात्र ते कोणालाच बोचत नाही. मग लक्ष्मण वनवासाची चित्रे दाखवतो, आणि ती पाहून सीतेला पुन्हा रानात, भागीरथीच्या काठी जावेसे वाटते. तिच्या हौसेखातर रथ सज्ज करायला सांगितले जाते. तोच रथ पुढे तिला सोडून यायला वापरला जाणार असतो. ती रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपते. हिचे काय प्रिय नाही, असह्य आहे तो फक्त विरह, असे राम म्हणतो न म्हणतो तोच प्रतिहारी आत येऊन सांगते, ‘आला आहे.’ आलेला असतो दुर्मुख हा हेर, लोकापवादाची बातमी घेऊन. एकाच शब्दाने दोन अर्थ साधण्याच्या या युक्तीला नाट्यशास्त्रात पताकास्थानक म्हणतात. इथे ती चमत्कृती म्हणून वापरलेली नाही. संकट बाहेरून कोसळत नाही, ते पात्रांच्या प्रेमातून आणि शब्दांतूनच तयार होते.

हीच रचना आजच्या कथेत बसते. हस्तलिखितांत नेहमी येणारा एक प्रसंग घ्यावा. बाई रोवण्याला गेली आहे, नवरा नागपूरला कामावर आहे, तिथे अपघात होतो. सर्वसाधारण मसुद्यात फोन वाजतो, बाई किंचाळते आणि पुढचे पान दुःखाचे. क्रम बदलावा. फोन आधी घरी सासऱ्याकडे येतो. बांधीत आज पाणी आहे, मजूर जमले आहेत, पऱ्हे उपटून ठेवले आहेत. संध्याकाळपर्यंत सुनेला सांगायचे नाही असे तो ठरवतो. दुपारी ती शिदोरी सोडताना विचारते, ‘मामाजी, फोन आला होता का?’ तो म्हणतो, ‘रेंज नव्हती.’ आता तिच्या साध्यासुध्या बोलण्यालाही वजन येते, कारण ते वाचक आणि सासरा दोघे ऐकत आहेत. दुःखाचे एकही विशेषण लागत नाही.

तिसऱ्या अंकात हे वाटप आणखी गुंतागुंतीचे होते. भागीरथीच्या प्रभावाने सीता अदृश्य आहे आणि तमसा नदी तिच्या सोबत आहे. दंडकारण्यात आलेल्या रामाला ती दिसत नाही. सीतेची सखी वासंती हिलाही ती जवळ असल्याचे ठाऊक नाही, म्हणून ती रामाला त्यागाबद्दल मोकळेपणाने दूषणे देते. अश्वमेधात सहधर्मचारिणीच्या जागी सीतेचीच सोन्याची प्रतिमा आहे, हे राम सांगतो ते सीता स्वतः ऐकते. क्षमेवर एकही भाषण न देता तिचा राग प्रेक्षकाच्या देखत उतरतो. दोन पात्रांत समेट घडवायचा असेल तर एकाने दुसऱ्याची माफी मागणे ही सर्वांत कमजोर सोय. ऐकू नये ते कानावर पडणे अधिक बळकट.

या अंकातली एक गोष्ट मात्र घेऊ नये. राम वारंवार मूर्च्छित होतो, रडतो, पुन्हा शुद्धीवर येतो. दुसऱ्या मूर्च्छेला पहिलीचा जोर नसतो.

सतत करुण सूर कान बधिर करतो, हे भवभूतीलाही जाणवले असावे. चौथ्या अंकात आश्रमातली मुले येतात. त्यांना घोडा फक्त पोथीतून ठाऊक असतो, त्यामुळे यज्ञाचा घोडा पाहिल्यावर ती शेपटी, लांब मान, खूर, गवत खाणे आणि लीद अशी एकेक गोष्ट सांगू लागतात. प्रेक्षक हसतो, आणि युद्धाचे कारण ठरणारा घोडा त्याच्या नकळत कथेत शिरतो. महत्त्वाची वस्तू गंभीर चेहऱ्याने आणू नये, ती हसत आणावी.

वर्णनाबाबत जवळचा दाखला मारुती चितमपल्ली यांचा. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले आणि त्या तलावाने व रानाने त्यांच्या लेखनाला सामग्री दिली. त्यांच्याकडे केवळ ‘पक्षी’ आणि ‘झाड’ नसते. नाव असते, ऋतू असतो आणि त्या जिवाची सवय असते. नवोदित यातले नावच तेवढे उचलतात. सारस पक्ष्याचा उल्लेख केल्याने परिच्छेद गोंदियाचा होत नाही. सारस धानाच्या बांधीत पाण्यातच घरटे रचतो, म्हणजे तेवढ्या जागेत रोवणा थांबतो आणि शेतकऱ्याला काहीतरी ठरवावे लागते. सवय सांगितली की गोष्ट सुरू होते.

झाडीबोलीचेही असेच. नायक प्रमाण मराठीत आणि गडी तेवढा झाडीबोलीत, ही विभागणी त्या गड्याला विनोदी करून टाकते. घरात जे जसे बोलतात तसे सर्वांना बोलू द्यावे, आणि उच्चार अक्षराअक्षराने टिपण्याऐवजी शब्दांची निवड व वाक्याची ठेवण सांभाळावी.

शेवट कुठे करावा याचे उत्तर ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात आहे. वाल्मीकींचे नाटक अप्सरा सादर करतात आणि राम प्रेक्षकांत बसतो. सीतेचे पुढे काय झाले हे तो तिथे पाहतो. इतका वेळ प्रेक्षकाला असलेले ज्ञान त्याला मिळते. ते खरे मानून तो कासावीस होतो, तेव्हा लक्ष्मणाला हे नाटक असल्याची आठवण द्यावी लागते. त्यानंतर भवभूती फार रेंगाळत नाही. रोवण्याच्या कथेतही बाईला कळते तिथेच थांबावे. हंबरडा, नागपूरची गाडी आणि जमलेले गाव हे वाचकाने दुपारीच मनात पाहिलेले असते.