आयआरएमएससाठी हेलियम घेताय? कोटेशनमागचे खर्च आधी पाहा

एलिमेंटल अ‍ॅनालायझर जोडलेल्या आयसोटोप मास स्पेक्ट्रोमीटरला हेलियम लागतो तो नमुन्यातला वायू वाहून न्यायला. त्याच्यात काय मिसळलेले आहे, यावर तुमचे आकडे ठरतात. म्हणून नुसता सिलिंडरचा दर पाहून ऑर्डर देऊ नका.

ग्रेड कोणता?
5.0 म्हणजे 99.999 टक्के शुद्ध. एकूण अशुद्धी 10 पीपीएमपर्यंत. 6.0 मध्ये ती 1 पीपीएमपर्यंत. फक्त कार्बन मोजत असाल तर 5.0 आणि आर्द्रता-ऑक्सिजनचे फिल्टर सहसा पुरतात. आर्द्रतेचा फिल्टर मात्र टाळू नका. पाणी शिरले की कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजन चिकटतो, 45 वस्तुमानाचा सिग्नल फुगतो आणि कार्बनचे गुणोत्तर चुकते.

नायट्रोजन मोजायचा असेल तर 6.0 घ्या. हिशेब असा: हेलियममध्ये 5 पीपीएम नायट्रोजन आणि प्रवाह मिनिटाला 100 मिलिलिटर असेल, तर दर मिनिटाला अर्धा मायक्रोलिटर परका नायट्रोजन यंत्रात जातो. 50 मायक्रोग्रॅम नायट्रोजनच्या नमुन्यातून वायू मिळतो जेमतेम 40 मायक्रोलिटर. नमुना लहान होईल तसा हा वाटा वाढतो. साधे फिल्टर नायट्रोजन काढत नाहीत. तापवलेला गेटर काढतो, पण आर्गॉन त्यालाही जुमानत नाही. 5.0 आणि गेटर असा पर्याय निवडलात, तर गेटर बदलण्याचा खर्चही धरा.

कोटेशनमध्ये काय विचाराल?
दर घनमीटरला मागा. 47 लिटरच्या सिलिंडरमध्ये 150 बारला सुमारे 7 घनमीटर गॅस बसतो. भरणा कमी दाबाचा असेल तर स्वस्त सिलिंडर महाग पडतो. डिपॉझिट किती, भाडे किती दिवसांनी सुरू होते, वाहतूक, हमाली, तातडीच्या पुरवठ्याचा आकार, हे सगळे लेखी घ्या. जीएसटी 18 टक्के धरा; सार्वजनिक संशोधन संस्थांना मिळणारी 5 टक्के दराची सवलत जुलै 2022 मध्ये बंद झाली. सिलिंडर पूर्ण रिकामा करायचा नसतो. शेवटचे 10 बार परत जातात, म्हणजे जवळजवळ 7 टक्के गॅसचे पैसे सोडावे लागतात.

किती दिवस पुरेल?
मिनिटाला 100 मिलिलिटरने अखंड चालवलात तर सुमारे दीड महिना. दिवसाला 8 तास काम आणि रात्रभर तोच प्रवाह, म्हणजे दोन तृतीयांश गॅस रिकाम्या यंत्रातून जातो. काम संपले की स्टँडबाय लावा. प्रवाह पूर्ण बंद करू नका. तापलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये हवा शिरते. भारतात हेलियम जवळजवळ सगळा आयात होतो, त्यामुळे दर आणि पुरवठा दोन्ही हलतात. एक भरलेला सिलिंडर हाताशी ठेवा आणि दाब 50 बारवर आला की ऑर्डर द्या. तिथून पूर्ण प्रवाहाने साधारण 13 दिवस मिळतात.

कागद कोणते?
विश्लेषण प्रमाणपत्र आणि चलन. प्रमाणपत्रावर तुमच्याच सिलिंडरचा क्रमांक हवा. नायट्रोजन, ऑक्सिजन, पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे आकडे वेगवेगळे हवेत. नुसते ‘99.999’ लिहिलेला कागद स्वीकारू नका. सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचा.  चाचणीची मुदत साधारण 5 वर्षांची असते. ती उलटली असेल तर सिलिंडर दारातूनच परत पाठवा.

हे शॉर्टकट टाळा
फुग्यांचा हेलियम, वेल्डिंगचा रेग्युलेटर, रबर किंवा नायलॉनची नळी. अशा नळीतून हवा आत झिरपते आणि 6.0 चे पैसे वाया जातात. स्वच्छ तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी आणि शुद्ध वायूचा डायफ्राम रेग्युलेटर घ्या. गळती साबणाच्या पाण्याने शोधू नका. सांध्यांवर आर्गॉन सोडा आणि 40 चा सिग्नल पाहा.

सिलिंडर बदलल्यावर
18, 28, 32 आणि 40 स्थिरावू द्या, मग ब्लँक चालवा, मग मानके. 28 आणि 40 सोबत वाढले तर आधी सांधे तपासा. 28 वाढला पण 40 जागेवरच, तर संशय सिलिंडरवर घ्या. तो लगेच बंद करा, आकडे आणि सिलिंडरचा क्रमांक जोडून लेखी बदली मागा. अर्धा वापरून झाल्यावर केलेली तक्रार टिकत नाही.