तांबूची चानकी

आमच्याकडे भाकऱ्या संपत आल्या की परातीत उरलेल्या पिठाची आई एक चानकी थापते. तेरा वर्षं ती तांबूची होती. वाईजवळच्या आमच्या गावात, पावसाने भिजलेल्या पारावर सापडलेलं तांबडं गावठी कुत्र्याचं पिल्लू. रंगावरून नाव पडलं, तेच राहिलं. परवाच्या वैशाखात त्याला जाऊन दोन वर्षं झाली. आईचा हात मात्र अजून शेवटी तेवढासा गोळा बाजूला काढतो. ज्यांच्या दारात असंच कुणी म्हातारं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यातलं बरंचसं मला उशिरा कळलं.

१. जास्त पाणी पितोय, याचा अर्थ उन्हाळा आहे असाच नसतो.

चैत्रापासून तांबू दिवसातून तीन-तीनदा पातेलं रिकामं करायचा. ऊन तापलंय, पिणारच, असं आम्ही म्हणत राहिलो. मग तोंडाला उग्र वास यायला लागला, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन फार वाढलेलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं की मूत्रपिंडांचं दोन तृतीयांशाहून जास्त काम बंद पडेपर्यंत कुत्रा बाहेरून धडधाकट दिसू शकतो. सात-आठ वर्षांचा झाला की वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या. आम्ही रेबीजची लस कधी चुकवली नाही, पण ही तपासणी करायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

२. निरोप कधी द्यायचा, हे त्याच्याकडे बघून ठरवा.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी पुण्याहून दर शनिवारी यायचे. कातडीखाली सलाईन द्यायला शिकले होते, आणि सुई टोचताना तो हलला नाही की मला बरं वाटायचं. तो शांत आहे, असं मी समजत होते. खरं तर त्याच्यात हलायचंही त्राण उरलं नव्हतं. एका संध्याकाळी आईने चानकी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली. त्याने हुंगली. मग शहाबादी फरशीवर नाक घासत घासत तो ती झाकायला लागला. अंगणातलं हाडूक मातीत पुरून ठेवायचा, अगदी तसंच. तिथे माती नव्हती. तरी तो नाकाने नसलेली माती ओढत होता, आणि नाक सोलवटलं तरी थांबेना. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वाटी उचलली आणि एवढंच म्हणाले, "पुरे आता. त्याला मोकळं कर." मी अजून नऊ दिवस घेतले. ते नऊ दिवस माझ्यासाठी होते, त्याच्यासाठी नव्हते. त्याबद्दल मी त्याची माफी मागते, आजही.

३. खड्डा खोल हवा.

कंबरभर तरी. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, जुनं सुती लुगडं पुरतं. वर माती चोपून मोठे धोंडे ठेवा, नाहीतर रात्री दुसरी जनावरं उकरतात. शहरात जागा नसते, तिथे महापालिकेकडे चौकशी करा. मुंबईत मालाडला २०२३ पासून लहान प्राण्यांसाठी पालिकेची दहनाची सोय आहे. ही चौकशी आधीच करून ठेवा. त्या दिवशी फोन हातात धरवत नाही.

४. मुलांना खरं सांगा.

माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा. आम्ही त्याला सांगितलं, तांबू मळ्यात राहायला गेला. पुढे कुणीही मळ्याकडे निघालं की हा चपला घालून दारात उभा. एकदा खिशात बिस्किटं भरून एकटाच निघाला होता, शेजारच्या काकूंनी बांधावरून परत आणलं. त्या रात्री मी त्याला, तांबूला पुरलं होतं त्या आंब्याखाली नेलं आणि सगळं सांगितलं. तो खूप रडला. मग बिस्किटं धोंड्यांवर ठेवून म्हणाला, "मावशी, मग मला आधी का नाही बोलावलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

५. "कुत्राच तर होता" म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका.

त्यांनी ते सोसलेलं नसतं, एवढंच. मला त्या दिवसांत आतकूरच्या शिळेचा आधार वाटला. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. दहाव्या शतकात तिथे काळी नावाचा शिकारी कुत्रा रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. धन्याने त्याच्या नावाने दगड उभारला, वर ती झुंज कोरली, आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. हा धनी साधा माणूस नव्हता. मोठ्या लढाईत पराक्रम गाजवलेला वीर होता, आणि बक्षीस म्हणून त्याने राजाकडे हाच कुत्रा मागून घेतला होता. ती शिळा आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजारेक वर्षांपूर्वी एका लढवय्याला आपल्या कुत्र्यासाठी दगड कोरून घ्यावासा वाटला. मग आपल्या रडण्याचा खुलासा कुणाला कशाला द्यायचा?

६. जो कमी बोलतो, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.

आई रडली, मी रडले, अण्णा गप्प. पण त्यांचा दिवस तांबूवर बांधलेला होता. पहाटे त्याच्याबरोबर कालव्यापर्यंत फेरी, दुपारी ओसरीवर दोघांची झोप, रात्री दाराला कडी घालण्याआधी त्याला एक हाक. तो गेल्यावर अण्णांची फेरी बंद पडली. दोन महिन्यांत गुडघे धरले, साखर वाढली. गोळ्या बदलल्या, पण कारण कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी भावाने पहाटे त्यांच्याबरोबर जायला सुरुवात केली. पहिले काही दिवस अण्णा ओढ्यापाशी थांबायचे, मागे वळून बघायचे, मग पुढे चालायचे. भावानेही कधी विचारलं नाही. तोही थांबायचा.

त्याच भाद्रपदात आजोबांचा म्हाळ आला. कावळ्याचं पान, गाईचं पान, कुत्र्याचं पान. तिसरं पान दरवर्षी तांबू खायचा, बाहेर बोलवायला कुणी जायचंच नाही. आईने तिन्ही पानं वाढली आणि तिसऱ्यापाशी हात थांबला. अण्णा उठले, पान दोन्ही हातांत धरून आंब्याखाली गेले, आणि खिरीला मुंग्या लागेपर्यंत तिथेच उभे राहिले. त्या दिवशी ते पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलले. जेवताना, बराच वेळ.

७. लिहून ठेवा, आणि खोड्याही लिहा.

गेलेल्याबद्दल फक्त चांगलं बोलायची आपली रीत आहे. पण नुसतं 'फार इमानी होता' म्हणत राहिलं, तर काही वर्षांत तो कुठलाही कुत्रा होऊन जातो. म्हणून मी दोनशे पानी वही केली आणि ती ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवली. ज्याला जे आठवेल ते त्याने लिहायचं. भावाने लिहिलं, पोस्टमनची एकच चप्पल पळवायचा, नेहमी डावी. भाच्याने चित्र काढलं, त्यात शेपूट अंगापेक्षा मोठी. अण्णांनी तारखा लिहिल्या, कधी आणला, कधी साप अडवला, कधी गेला.

आई कधी काही लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात वही उघडली तर तिच्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'पावसात दार खरवडायचा नाही. कुणी बघेपर्यंत तसाच भिजत उभा राहायचा.'