उतरल्या दिवशी बसप्रवास ठेवू नका

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांना अमेरिकेतली दोन गावं डोळ्यांनी पाहायची ओढ असते. मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्सटाउन हे एक. 1806 साली वादळात सापडलेल्या पाच विद्यार्थ्यांनी तिथे गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली आणि पुढे 1810 मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. दुसरं सेलम. तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये फेब्रुवारी 1812 मध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यांच्यातला गॉर्डन हॉल वर्षभराने मुंबईला पोचला आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. 1831 मध्ये ते काम नगरला आलं. आपल्या आजी-आजोबांच्या शाळा, दवाखाने, देवळं त्यातूनच उभी राहिली, म्हणून ही यात्रा जरूर करावी. पण आमच्या गटाचा पहिला दिवस कसा गेला, ते जाणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावं.

प्रवास कंपनीनं आखलेला कार्यक्रम असा: संध्याकाळी नगर सोडायचं, पहाटे मुंबईहून विमान, आखाती देशात ते बदलायचं, दुपारी न्यूयॉर्कजवळ उतरायचं आणि तिथूनच बसनं साडेचार-पाच तासांत सेलम. गटात पाळकसाहेब, महिला मंडळातल्या आम्ही भगिनी आणि सत्तरी ओलांडलेले काही वडीलधारे.

गुडघेदुखीमुळे एका मावशींसाठी व्हीलचेअर सांगितली होती. अमेरिकेत उतरल्यावर विमानाच्या दाराशी मदतनीस आला आणि त्यांना वेगळ्या रांगेनं पुढे घेऊन गेला. आम्ही मागे, पासपोर्ट तपासणीच्या लांबलचक रांगेत. तिथे फोन वापरायला मनाई. मुक्कामाचा पत्ता पाळकसाहेबांच्या फायलीत. कुठे राहणार, असं अधिकाऱ्यानं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “मंडळीबरोबर.” त्यांना बाजूच्या खोलीत बसवून ठेवलं. आम्ही पोचलो तेव्हा घामानं त्यांचा पदर ओला झाला होता, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. साखर उतरली होती, आणि खाण्याचा डबा सुनेच्या पिशवीत! तिनं साखर चारली, पंधरा-वीस मिनिटांनी त्या नीट बोलू लागल्या.

म्हणून व्हीलचेअरबरोबर घरचं एक माणूस जायलाच हवं, आणि ते निघायच्या आधीच ठरवा. प्रत्येकाच्या गळ्यात इंग्रजीत लिहिलेला कागद असू द्या: मुक्कामाचा पूर्ण पत्ता, तिथल्या ओळखीच्या माणसाचा नंबर, परतीची तारीख, आजार आणि औषधांची नावं. गोळ्या, खडीसाखर, बिस्किटं ज्याची त्याच्याजवळ. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास असतं, तेव्हा डोस कोणत्या वेळी घ्यायचे हे डॉक्टरांकडून लिहूनच आणा.

तिथल्या अधिकाऱ्यांनी खाण्याच्या वस्तूंबद्दल विचारलं की जवळ आहे ते खरं सांगा. कढीपत्ता, फळं, मटणाचं लोणचं घरीच राहू द्या.

या सगळ्यात संध्याकाळ झाली. बसचा चालक सकाळी सहापासून कामावर होता, दुसरा एक गट सोडून तो आमच्याकडे आला होता. अमेरिकेत प्रवासी बसच्या चालकाला सलग 8 तासांच्या विश्रांतीनंतर 10 तासच गाडी चालवता येते आणि कामाचे 15 तास भरले की चाकाला हात लावता येत नाही. आमची वाट पाहण्यात गेलेला वेळही कामातच धरला गेला. रात्री नऊला कनेक्टिकटमधल्या एका थांब्यावर त्यानं बस उभी केली आणि दुसरा चालक येईल, असं सांगितलं. काहीजण त्याच्यावर चिडले. पण त्याचं काहीच चुकलं नव्हतं. थकलेल्या माणसाच्या हाती आपले वडीलधारे द्यायचे नाहीत, याचसाठी तो नियम आहे. तेव्हा नगरला सकाळचे साडेसहा वाजले होते आणि दोन रात्री कुणाच्या पाठीला अंथरूण लागलेलं नव्हतं. एका काकांचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता. इतके तास बसून राहिल्यानं पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. विमानात दर दोन तासांनी वृद्धांना उठवून चार पावलं चालवा, पाणी पाजा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर थेट डॉक्टरकडे जा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच 911 ला फोन करा.

दुसरा चालक मध्यरात्रीनंतर आला.

माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलातच काढा. बरीच हॉटेलं आपली गाडी पाठवतात. खर्च वाढतो, पण त्यासाठी शेवटी एखादं प्रेक्षणीय स्थळ कमी केलं तरी चालेल. बस दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलवा. ठरवताना कंपनीकडून लेखी घ्या, की चालक त्या दिवशी किती वाजता कामावर येणार, आमच्याआधी त्याला दुसरी फेरी आहे का, आणि त्याचे तास संपले तर बदली चालक कुठून, किती वेळात येणार.