लसीची गाठ व शरीरातील जागल्ये

लाळ-खुरकताची लस टोचल्यावर मानेवर गाठ येते, दुभती गाय एक-दोन दिवस दूध कमी देते, म्हणून केळापूर तालुक्यातील काही कास्तकार लस नाकारतात. तक्रार खोटी नाही. परंतु ती गाठ कशाची, हे जाणल्यास नाखुषी कमी होईल असे आम्हांस वाटते.

शरीरात पहाऱ्याचे दोन थर असतात. पहिल्या थरातील पेशी गावच्या जागल्यासारख्या. जंतूंच्या ठोकळ खुणा ओळखणारी 'टोल' नावाची ग्राहके त्यांच्या ठायी उपजतच असतात. दुसरा थर टी-पेशींचा. यांतील प्रत्येक पेशी एकच ठरावीक तुकडा ओळखते, व झुंजीनंतर त्याची आठवण राखते. मात्र ही फौज आपण होऊन निघत नाही. फांद्या असलेल्या काही जागल्या-पेशी शत्रूचा तुकडा घेऊन खांद्यापुढील लसीकाग्रंथीत जातात व टी-पेशीस दाखवितात. सोबत धोक्याची वर्दी असली तरच हुकूम सुटतो. नसल्यास टी-पेशी उलट सुस्त होते. महसुली कचेरीत वावरलेल्यांस याचे नवल नाही. पंचनाम्यावाचून आलेला अर्ज दप्तरदाखलच होतो! शिवाय वर्दी कोणत्या ग्राहकाने दिली, यावरही टी-पेशी कोणते काम पत्करील हे पुष्कळसे ठरते.

हा तर्क अमेरिकेतील चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली मांडला. पुढे हॉफमन यांनी १९९६ साली फळमाशीत व बॉयट्लर यांनी १९९८ साली उंदरात त्याचा पुरावा दिला. त्या दोघांस, व फांद्यांच्या पेशी शोधणाऱ्या स्टाइनमन यांस, २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत केलेल्या प्लेगच्या लसीत मारलेले अख्खे जंतू होते. वर्दी त्यांच्यातच होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन झाली. तीस जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली. नुसत्या तुरटीवर्गीय क्षाराने टी-पेशींचा कल मुख्यतः प्रतिद्रव्यांकडे जातो. म्हणून सातव्या व आठव्या टोल-ग्राहकास जागविणारे द्रव्य तीत मुद्दाम घातले.

लाळ-खुरकताच्या लसीत मृत विषाणू तेलात घोटलेला असतो. तेल त्यास जागीच धरून ठेवते व जागल्यांस डिवचते. गाठ त्या हालचालीची. ती दाबू वा चिरू नये. पू झाल्यास किंवा जनावराने चारा सोडल्यास पशुवैद्यास दाखवावे. लस थंड ठेवावी, पण गोठू देऊ नये. गोठल्यास तेल फुटते. वासरास पहिल्या टोचणीनंतर महिन्याने दुसरी द्यावी, व पुढे दर सहा महिन्यांनी, कारण मृत विषाणूची आठवण फार काळ टिकत नाही.